सिस्टर, तुम्हाला थिअरी कशाला हवी?

१२ मे, म्हणजे नर्सेस डे, आला की दर वर्षी तेच. हॉलमध्ये मेणबत्त्या, पांढऱ्या ड्रेसमधल्या पोरी, नाइटिंगेल बाईंच्या फोटोला हार, शपथ, आणि मग प्रमुख पाहुण्यांचं भाषण. यंदाचे पाहुणे एक सीनियर सर्जन होते. माणूस चांगला, सिस्टर लोकांशी कधी वाकडा शब्द नाही, पण बोलता बोलता म्हणाले की हल्ली नर्सिंगमध्ये थिअरी फार झालीय, पोरी एमएस्सी करतात, पीएचडी करतात आणि व्हेन सापडत नाही, अहो नर्सला लागतं काय, हातात कसब आणि मनात माया, बाकीचं बघायला डॉक्टर आहेतच की. टाळ्या पडल्या, आणि सगळ्यात जास्त आमच्याच लोकांनी वाजवल्या. नंतर चहाच्या वेळी आमच्या कॉलेजच्या मॅडम लोकांचा पारा चढलेला, त्यांचं म्हणणं, थिअरी आहे म्हणून तर आपण प्रोफेशन आहोत, नाहीतर आपल्यात आणि वॉर्डात वरकाम करणाऱ्या मावशींमध्ये फरक काय राहिला? मावशी तिथेच कप गोळा करत होत्या.

मला दोन्हींचा सारखाच वैताग आला. एक बाजू थिअरीला शोभेची वस्तू म्हणून नको म्हणते, दुसरी शोभेची वस्तू म्हणूनच हवी म्हणते. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. नर्सिंगला स्वतःची थिअरी लागते, आणि ती मानासाठी किंवा पीएचडीसाठी नाही. डॉक्टर राउंड घेऊन गेले की उरलेले साडेतेवीस तास त्या पेशंटचं जे काही करायचं असतं ते नक्की कोणाचं काम, ते का करायचं, आणि ते नीट झालं की नाही हे कशावरून ओळखायचं, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरं तिच्यात असायला हवीत. ही उत्तरं आपल्याकडे नसली की दुसरे देतात, आणि दुसऱ्यांचं उत्तर ठरलेलं असतं: सिस्टर, ऑर्डर लिहिलीय, बघून घ्या. पाहुण्यांच्या त्या "बाकीचं बघायला डॉक्टर आहेतच की" मध्येसुद्धा एक थिअरीच बसलेली आहे, फक्त ती आमची नाही.

आता विरोधकांचं जे खरं आहे ते आधी मान्य करते, कारण त्यात बरंच खरं आहे. आपण वर्गात जी नावं पाठ करून घेतो, पेपलाऊ १९५२, रॉजर्स १९७०, ओरेम १९७१, मग रॉय, किंग, न्यूमन, ही सगळी थिअरी अमेरिकेच्या विद्यापीठांत तयार झाली, आणि ती होण्यामागे एक कारण असंही होतं की तिथे नर्सिंगचे नवे विभाग निघत होते आणि तुमचं स्वतःचं ज्ञान कुठाय ते दाखवा असं बाकीचे विभाग विचारत होते. त्या घाईत काहीही छापलं गेलं. मार्था रॉजर्सच्या लिखाणात माणूस म्हणजे एनर्जी फील्ड. तिकडेच थेराप्युटिक टच नावाचा प्रकार फोफावला, पेशंटच्या अंगाला हात न लावता वरून हात फिरवून त्याची ऊर्जा सारखी करायची, आणि या मंडळींना रॉजर्सच्या थिअरीचा आयताच आधार मिळाला. शेवटी एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या सायन्स प्रोजेक्टसाठी या मंडळींची साधी टेस्ट घेतली, मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा, पलीकडे ही आपला हात त्यांच्या उजव्या किंवा डाव्या हातावर धरणार आणि त्यांनी फक्त ओळखायचं कुठल्या हातावर आहे. २१ जण, २८० प्रयत्न, बरोबर आले १२३. नाणं उडवलं असतं तरी १४० आले असते. हे १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आलं. आपल्याकडे आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढते, पण निदान त्यावर कोणी थिसिस लिहीत नाही.

पण नासका आंबा निघाला म्हणून कोणी अख्खी पेटी फेकत नाही. डॉक्टरांच्या थिअरीने शेकडो वर्षं माणसांचं रक्त काढून त्यांना बरं करायचा उद्योग केला, म्हणून कोणी सर्जनला सांगितलं का की बाबा तू फिजिऑलॉजी सोड आणि नुसत्या हातांनी काम कर? जी थिअरी तपासून खोटी ठरली ती टाकायची. उलट नऊ वर्षांच्या पोरीला सुचली ती टेस्ट आपल्या लोकांना पंचवीस वर्षांत का सुचली नाही, शरमेची गोष्ट ती आहे.

आणि ज्या बाईंचा फोटो हार घालून ठेवतो त्यांचंच बघा. दिवा घेऊन फिरणारी माउली एवढंच आपण सांगतो. पण नाइटिंगेल आणि तिच्या नर्सेस १८५४ च्या नोव्हेंबरमध्ये, क्रिमियन युद्धाच्या वेळी, तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी हॉस्पिटलात पोचल्या तरी त्या हिवाळ्यात माणसं मरतच राहिली, फेब्रुवारी १८५५ मध्ये तर मरणाचं प्रमाण सुमारे ४२ टक्के होतं. माया कमी पडत होती का? रात्रीची दिवा घेऊन फेरी चालूच होती की. मार्चमध्ये सॅनिटरी कमिशनची माणसं आली, गटारं साफ केली, हवा खेळती केली, आणि जूनपर्यंत प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास आलं. त्यातलं नक्की किती कशामुळे यावर इतिहासकार अजून भांडतात. पण बाईंनी युद्धानंतर इंग्लंडला परत गेल्यावर विल्यम फार या आकडेतज्ज्ञाबरोबर बसून आकडे मांडले, त्यातून त्यांना हॉस्पिटलची घाणच माणसं मारत होती हे दिसलं, आणि पुढचं आयुष्यभर त्या हवा, पाणी, गटार, उजेड याच्या मागे लागल्या, अगदी हिंदुस्थानातल्या गावांच्या स्वच्छतेवर पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार करण्यापर्यंत. गंमत म्हणजे रोग दूषित हवेतून येतो ही त्यांची समजूत चूक होती. जंतूंची गोष्ट त्यांना बरीच वर्षं पटली नाही. तरी त्या चुकीच्या समजुतीतून जे काम निघालं ते बरोबर होतं, आणि मोजता येत होतं म्हणून पुढच्यांना सुधारताही आलं. नुसता दिवा राहिला असता तर सुधारायला काय होतं?

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे, आणि तो मला माझ्याच जुन्या इन्चार्ज सिस्टरांमुळे टोचतो. त्यांनी ओरेमचं नावसुद्धा ऐकलं नसेल. वॉर्डच्या दारातून आत आल्या की तीस बेडवर एक नजर टाकून सांगायच्या, अकरा नंबरला बघ गं, चेहरा बरा दिसत नाही. टीपीआर चार्ट, म्हणजे ताप-नाडी-श्वास, अगदी नॉर्मल, आणि तासाभरात अकरा नंबरचं बीपी खाली. मग थिअरी न वाचता हे येतंच की! पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन नर्सने १९८४ मध्ये नेमकं हेच मांडलं, की मुरलेल्या नर्सचं ज्ञान नियमांत नसतं, शेकडो पेशंट बघून नजरेत उतरलेलं असतं. आता हे सांगायलासुद्धा एक थिअरीच लागली ही गोष्ट सोडून देऊ, कारण मुद्दा खरा आहे. पण सिस्टर रिटायर झाल्या आणि ती नजर त्यांच्याबरोबर नाशिकच्या फ्लॅटमध्ये गेली. मी कितीदा विचारलं, सिस्टर तुम्हाला कळतं कसं, तर म्हणायच्या कळतं गं, सवय. आम्हाला ती सवय लागेपर्यंत मधल्या वर्षांत किती अकरा नंबर गेले असतील ते कोणी मोजलंय?

आणि हातांना नुसतं चांगलंच मुरतं असं थोडीच आहे. आम्हाला बॅक केअर शिकवलं तेव्हा प्रोसिजर अशी होती की पेशंटला कुशीवर वळवायचं, पाठ साबणाने पुसायची, स्पिरिट लावायचं, पावडर टाकायची आणि जिथे लाल झालंय तिथे चांगलं चोळायचं म्हणजे रक्त फिरेल. मी चोळलंय. मन लावून, मायेने, शेकडो पाठी. आज आपल्याला माहीत आहे की हाडावरची लाल झालेली कातडी चोळली तर आतलं नाजूक मांस आणखी दुखावतं, स्पिरिटने कातडी कोरडी पडते, आणि बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, होतो तो दाबाने, ओल्याने, कातडी ओढली गेल्याने. डोरीन नॉर्टन नावाच्या इंग्लंडच्या नर्सने १९६२ मध्ये म्हाताऱ्या पेशंटवर काम करून दाखवलं होतं की चोळण्याबिळण्याने काही होत नाही, दाब काढा, पोझिशन बदला. बेडसोअरचा धोका मोजायचा तिचा स्केल आम्ही परीक्षेला पाठ केला आणि वॉर्डात जाऊन चोळत बसलो! कारण आम्हाला कोणी विचारलंच नाही की हे का करताय. का करतोय हे ज्याला माहीत नाही त्याला आपलं चुकतंय हे कळणार तरी कसं? पाहुणे म्हणाले हातात कसब आणि मनात माया, माझ्याकडे दोन्ही होतं की.

थिअरी वॉर्डात कशी चालते याचं एक साधं उदाहरण देते. व्हर्जिनिया हेंडरसन या अमेरिकन नर्सची नर्सिंगची व्याख्या सगळ्यांना पाठ असते, तिचा गाभा असा की माणसाकडे ताकद, इच्छा आणि माहिती असती तर स्वतःचं जे त्याने स्वतः केलं असतं ते करायला त्याला मदत करायची, आणि अशी करायची की लवकरात लवकर त्याला आपली गरजच राहू नये. शांतपणे मरायला मदत करणंही तिच्यात धरलंय. परीक्षेत पाच मार्क. पण त्यातले तीन शब्द वेगळे करून बघा, ताकद, इच्छा, माहिती. हर्नियाचं ऑपरेशन झालेले काका दुसऱ्या दिवशी उठून चालत नाहीत. नोट्समध्ये आपण काय लिहितो, पेशंट नॉट अँब्युलेटेड, आणि संध्याकाळी रेसिडेंट येऊन ओरडतो. पण काका का उठत नाहीत? चक्कर येतेय म्हणून, की चाललो तर टाके उसवतील असं शेजारच्या बेडवाल्याने सांगितलंय म्हणून, की घरी विचारायला कोणी उरलं नाही आणि उठून तरी करायचंय काय असं झालंय म्हणून? पहिल्याला खांदा द्यायचा, दुसऱ्याला पोटाला उशी धरून खोकायला आणि उठायला शिकवायचं, तिसऱ्याजवळ बसायचं. ऑर्डर तिघांची एकच असते, अँब्युलेट. हे वेगळं करणं हे डॉक्टरचं काम नाही, त्याला ते शिकवलेलंही नाही, आणि मावशी ते करू शकत नाहीत असंही माझं म्हणणं नाही, बऱ्याच मावशी करतात. फक्त ते करणं ही ज्याची जबाबदारी आहे आणि नाही केलं तर ज्याला जाब विचारता येतो, ती नर्स. मॅडम लोकांना मावशींपासूनचा फरक हवाच असेल तर तो एवढाच आहे.

परळच्या केईएम हॉस्पिटलचं उदाहरण दिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्याच नर्स अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला, आणि १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली जवळजवळ ४२ वर्षं त्या केईएमच्याच एका खोलीत होत्या. मेंदूला झालेली इजा भरून येणारी नव्हती, म्हणजे बरं करण्याच्या अर्थाने मेडिसिनकडे त्यांच्यासाठी काही उरलेलं नव्हतं. मग ४२ वर्षं तिथे जे चाललं त्याला काय म्हणायचं? भरवणं, पुसणं, वळवणं, तोंडाची काळजी, कोणाचा आवाज चालतो कोणाचा नाही हे ओळखणं, आणि इतक्या वर्षांत अंगावर बेडसोअर होऊ दिला नाही हे सुप्रीम कोर्टासमोरसुद्धा आलं. पिढ्या बदलल्या, पहिल्या सिस्टर रिटायर झाल्या, नव्या पोरींनी त्यांना धड बोलताना कधी पाहिलेलंही नव्हतं. ७ मार्च २०११ च्या निकालात कोर्टाने त्यांच्या वतीने बोलायचा अधिकार केईएमच्या स्टाफचा मानला. त्यांना असं ठेवणं बरोबर होतं की नाही यावर माझं स्वतःचंच मत दोनदा बदललंय, तो वेगळा विषय. पण बहुतेकांनी याला प्रेम म्हटलं आणि तिथेच विषय संपवला. प्रेम होतंच. पण दर दोन तासांनी कूस बदलायला, पुढच्या शिफ्टला ओव्हर द्यायला, आणि नवीन आलेल्या पोरीला घास कसा द्यायचा ते दाखवायला प्रेमाच्या जोडीला शिस्त आणि शिक्षण लागतं. नर्सिंगला स्वतःचं असं क्षेत्र आहे का, हा प्रश्न परळला ४२ वर्षं सुटलेला पडला होता. आपण त्याची केस स्टडीसुद्धा धड लिहिली नाही.

आता सगळ्यात जोरात येणारा मुद्दा, की मॅडम, नाइटला चाळीस पेशंटमागे मी एकटी, दोन सलाईनी संपत आल्यात, कॅज्युअल्टीतून फोन, तुमची ओरेम कुठे बसवू? बरोबर आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नॉर्म टीचिंग हॉस्पिटलला तीन पेशंटमागे एक, साध्या हॉस्पिटलला पाचांमागे एक असा आहे, आणि तो ऐकून नाइटची पोरगी हसते. पण उलट बाजूने विचार करा. जास्त नर्सेस द्या असं आपण म्हणतो तेव्हा मॅनेजमेंट विचारतं, कशाला? इंजेक्शनं तर दिली जातायत, ऑर्डरी तर पूर्ण होतायत. नर्सचं काम म्हणजे ऑर्डर पूर्ण करणं ही व्याख्या धरली तर चाळिसांना एक पुरते हो! कमी पडतं ते बघणं, वळवणं, शिकवणं, चेहरा बरा दिसत नाही हे वेळेत कळणं, आणि हे आपल्या कामाच्या यादीतच नाही. लिंडा एकेनने २००२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या हॉस्पिटलांचा अभ्यास छापला, त्यात नर्समागे एक पेशंट वाढला की ऑपरेशनच्या पेशंटची तीस दिवसांत मरण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. २०१४ मध्ये युरोपच्या नऊ देशांत जवळपास तेच, आणि डिग्रीवाल्या नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त तिथे मृत्यू ७ टक्क्यांनी कमी. हे अभ्यास संबंध दाखवतात, कारण शंभर टक्के सिद्ध करत नाहीत, हे कबूल. पण नर्स म्हणजे ऑर्डर घेणारे हात असं मानणाऱ्याला असला अभ्यास करायचं सुचलंच नसतं. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये नर्समागे किती पेशंट या रेशोचा कायदा केला आणि २००४ पासून लावला. न्यूयॉर्कने तर १९७२ मध्येच कायद्यात लिहून टाकलं की आजाराला माणूस जो प्रतिसाद देतो त्याचं निदान आणि त्यावर उपाय हे नर्सचं काम. निदान हा शब्द कायद्यात, नर्सच्या नावापुढे! रुक्ष वाटणाऱ्या थिअरीचं असं होतं, पंचवीस वर्षांनी ती जॉब डिस्क्रिप्शन होते. आपल्याकडे १९४७ च्या नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी २०२३ मध्ये नवा कायदा झालाय. त्याखाली नर्सच्या कामाची यादी कोण लिहिणार, आम्ही का पाहुणे?

मायेवाल्यांना दोन शब्द. सावित्रीबाईंनी १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याहून आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं आणि त्यातच त्या गेल्या, हे आठवलं की आजही घशाशी येतं. पण पुढे १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं करणाऱ्या रमाबाई रानड्यांनी काय ओळखलं होतं बघा. विधवा, टाकलेल्या, गरीब घरच्या बायका, मायेची कमी कोणाकडेच नव्हती, तरी त्यांना नर्सिंगचं रीतसर ट्रेनिंग मिळावं म्हणून त्या मागे लागल्या, आणि तेही ज्या काळात परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणारी बाई म्हणून लोक नाकं मुरडायचे. नावात सेवा होती, पण नुसत्या सेवेवर भागवा असं त्या म्हणाल्या नाहीत. आज सेवा हा शब्द पगाराच्या दिवशी बाहेर काढतात. सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये म्हटलं होतं की पन्नासपेक्षा कमी बेडच्या खासगी हॉस्पिटलातही नर्सला निदान २०,००० रुपये द्या. त्याचं पुढे काय झालं ते तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या नर्सिंग होममधल्या पोरीला विचारा.

हे सगळं परदेशी आहे, आपल्याला लागू पडत नाही, हा आक्षेप मात्र मला अर्धा मान्य आहे. ओरेमचा पेशंट स्वतःची काळजी स्वतः घेणारा एकटा माणूस आहे. आपल्या वॉर्डात प्रत्येक कॉटखाली एक नातेवाईक झोपलेला असतो, नाकातल्या रायल्स ट्यूबमधून पेज सून घालते, बेडपॅन मुलगा देतो, आणि सासऱ्याने स्वतः जेवायला हात उचलला तर लोक सुनेलाच बोल लावतील! ओरेममध्ये दुसऱ्याची काळजी घेणाऱ्याचा विचार नाही असं नाही, पण आपल्याकडे तो कडेचा भाग नसून सगळा वॉर्ड त्यावर चालतो, आणि त्या सुनेला कोण शिकवतं? कोणीच नाही, ती बाजूच्या कॉटवालीचं बघून शिकते. आपली थिअरी इथून सुरू व्हायला हवी. आणि कच्चा माल आहे की! कुष्ठरोगाचं काम करणाऱ्यांनी बधिर पायांची काळजी पेशंटच्याच हातात दिली, रोज पाय पाण्यात भिजवा, कडक कातडी घासा, तेल लावा, जखम झालीय का बघा. यात ओरेमचं शिकवून सक्षम करणं सगळं आलं, फक्त ते आपल्या मातीतलं आहे आणि त्याचं नाव वर्गात कोणी घेत नाही.

कारण वर्गात आपण काय करतो? पीपीटी वाचतो. गोल, बाण, चौकोन. थिअरिस्टचं नाव, साल, कन्सेप्ट, ॲप्लिकेशन, संपलं. २०२२ मध्ये नर्सिंगच्या एका सोशिऑलॉजीच्या पुस्तकातलं हुंड्याचे फायदे सांगणारं पान सगळीकडे फिरलं, तेव्हा लोकांना धक्का बसला, मला नाही बसला. जिथे छापलंय ते पाठ करायचं हीच शिकण्याची रीत आहे तिथे हुंड्याचे फायदेही पाठ होतात आणि हेंडरसनने सांगितलेल्या माणसाच्या चौदा गरजाही, एकाच वहीत.

गेल्या महिन्यात प्रॅक्टिकल परीक्षा होती, मी इंटर्नल परीक्षक. फर्स्ट इयरची मुलगी, परभणीकडची, तिला मेडिसिन वॉर्डातल्या एक आजी दिलेल्या. चौदा गरजा धडाधड म्हणून दाखवल्या. केअर प्लॅनमध्ये सीनियरच्या जर्नलमधून उतरवलेलं वाक्य, आजारामुळे पोषण गरजेपेक्षा कमी. मी म्हटलं, बरं, आजी का जेवत नाहीत? तिने मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, मॅडम, आजींची कवळी सुनेच्या पिशवीत आहे, ॲडमिशनच्या दिवशी काढून ठेवली ती कोणी लावलीच नाही, मी काल पेज केली तर दोन वाट्या घेतल्या. मी तिला पेन दिलं आणि ते उतरवलेलं वाक्य खोडून हे लिही म्हटलं. ती माझ्याकडे बघतच राहिली, मग एक्स्टर्नल मॅडमकडे बघितलं, आणि म्हणाली, "मॅडम, कवळी असं लिहिलं तर चालतं?"